जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवली आणि चालेना? आधी पाहा, डिस्क कुठपर्यंत दिसते

दहा-बारा वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी घेतलेले लॅपटॉप पुण्यात अजून घरोघरी आहेत. मुलं नोकरीला लागली, लॅपटॉप आईबाबांकडे आला आणि सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो म्हणून कपाटावर जाऊन बसला. त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळा घरच्या कामाला पुरून उरतो. अडतं ते हार्ड डिस्कपाशी. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला डिस्कच्या हेडला दरवेळी १० ते १५ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, डेटा चिपमध्ये असतो, म्हणून तिला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात, म्हणून एवढा एक भाग बदलला की तोच लॅपटॉप रोजच्या वापरात परत येतो.

बसवण्याचं काम घरी जमण्यासारखं आहे. पंचाईत होते ती बसवल्यानंतर. काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं आलं की नवखा माणूस घाबरून बायोसमधल्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) चार गोष्टी बदलतो, पुन्हा क्लोन करतो (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नवीवर उतरवतो), स्क्रू परत उघडतो, आणि मग नेमकं बिघडलं कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न ठरवून टाका: नवी डिस्क कुठपर्यंत दिसते? बायोसला दिसते का, विंडोज भरणाऱ्या पेन ड्राइव्हला दिसते का, चालू विंडोजला दिसते का? जिथे दिसेनाशी होते तिथेच दोष शोधायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि सगळं सुरळीत होईपर्यंत जुन्या डिस्कवरचं काहीही पुसायचं नाही.

विकत घेण्याआधी

लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल नंबर असतो. तो टाकून कंपनीच्या साइटवरची सर्व्हिस मॅन्युअल शोधा आणि आत कोणती डिस्क आहे ते पाहा. २०१० ते २०१५ च्या सुमाराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची त्या काळची नेहमीची पद्धत) हार्ड डिस्क असते. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. जाडीकडे लक्ष द्या: जुन्या हार्ड डिस्क बऱ्याचदा ९.५ मिलिमीटरच्या, तर एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात. डिस्क स्क्रूने पट्टीत आवळली जात असेल तर हा फरक चालतो. नुसती खाचेत सरकवायची असेल तर ती सैल बसते आणि हलून संपर्क तुटतो. काही एसएसडींसोबत अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट येते. नसेल तर दुकानात वेगळी मागा.

एम.२ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा दिसली म्हणून एनव्हीएमई (साटाहून वेगळ्या, वेगवान पद्धतीने जोडली जाणारी) एसएसडी घेऊन येऊ नका. एम.२ हा फक्त आकार आहे. त्यातून साटा जाते की एनव्हीएमई हे मदरबोर्डवर अवलंबून असतं. साटावाल्या एम.२ला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक, पण नुसत्या खाचा मोजून विकत घेऊ नका, मॅन्युअल वाचा. शिवाय २०१५ च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपचा बायोस एनव्हीएमईवरून बूटच करत नाही. डिस्क विंडोजमध्ये दिसेल, पण लॅपटॉप तिच्यावरून सुरू होणार नाही. काही मॉडेलांत एम.२ऐवजी एमसाटाची (त्याआधीच्या, वेगळ्या आकाराच्या छोट्या एसएसडीची) जागा असते, तिथे एम.२ बसणारच नाही.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलात तर ‘लॅपटॉपसाठी एसएसडी द्या’ असं मोघम मागू नका. ‘साटा, अडीच इंची, ७ मिलिमीटर’ असं सांगा, आणि सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. एसएसडीला सहसा तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते, ती मिळवताना बिल लागू शकतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून स्क्रू ड्रायव्हरचा संच खुशाल आणावा, पण वापरलेली एसएसडी आणू नये, असं मी आग्रहाने सांगेन. तिच्यावर आधी किती लिहिलं गेलंय हे बाहेरून कळत नाही. ऑनलाइन कुणी २ टीबीची एसएसडी बाजारभावाच्या पाव किमतीत देत असेल तर तीही टाळा. खोट्या डिस्कची चिप क्षमता फुगवून सांगते आणि खरी जागा संपली की पुढचा डेटा हरवतो. आणलीच असेल तर वापरण्याआधी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ३’ ने ती पूर्ण भरून, परत वाचून तपासा.

मापाबद्दल एक शंका नेहमी येते. डब्यावर २४० जीबी आणि विंडोजमध्ये २२३ दिसतात, ५०० चे ४६५ होतात. यात फसवणूक नाही. कंपनी १०० कोटी बाइटना एक जीबी म्हणते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते.

जुन्या डिस्कची तब्येत

क्लोन करण्याआधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचायला त्रास देणारे, सी६ म्हणजे वाचता न आलेले. तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर निर्धास्त पुढे जा. सी५ किंवा सी६ मध्ये आकडे असतील तर क्लोनच्या भानगडीत पडू नका. तो मध्येच अडकेल आणि दुखऱ्या डिस्कवर ताण येईल. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा, मग एसएसडीवर विंडोज नव्याने भरा. डिस्कमधून ‘टक टक’ आवाज येत असेल तर लॅपटॉप बंदच करा. त्या डिस्कवर दुसरी प्रत नसलेला डेटा असेल, तर तो काढून देणाऱ्या जाणकाराकडे ती जावी.

क्लोन, की नवी सुरुवात?

माझा कल नव्या सुरुवातीकडे आहे. दहा वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर नेण्यात हशील नाही, आणि क्लोननंतर येणाऱ्या निम्म्या अडचणी मुळातच टळतात. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती भरली की इंटरनेट जोडताच ती बहुधा आपोआप सक्रिय होते. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि पत्रव्यवहार एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार जरूर करा.

काहींना क्लोनच लागतो. टॅलीचं जुनं सेटिंग, डिजिटल सहीचा ड्रायव्हर, आणि खास आपल्याकडची गोष्ट म्हणजे जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा आकृतीमध्ये टाइप केलेली पत्रं, कविता, सोसायटीची इतिवृत्तं यांचा मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) नसतो. तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसेल तर फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. फाइल बिघडली समजून ती पुसून टाकणारे लोक असतात. नव्याने विंडोज भरणार असाल तर जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर आधी कॉपी करून ठेवा. टाइप करण्याचं सॉफ्टवेअर परत घालायचं असेल तर त्याची सीडी, परवाना आणि डोंगलही (परवान्यासाठी लावायची यूएसबी की) शोधून ठेवा.

क्लोन करायचाच असेल तर ही तयारी करा:

१. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. असेल तर बंद करून पूर्ण उलगडू द्या. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहा.

२. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा. नेहमीच्या शट डाउनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि क्लोनझिला (क्लोन करणारं मोफत सॉफ्टवेअर) अशा डिस्कला हात लावायला नकार देऊ शकतो.

३. एसएसडी ‘यूएसबी ते साटा’ केबलने जोडा, आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टलाच. यूएसबी २ वर वेग सेकंदाला ३५ ते ४० एमबीपुढे जात नाही. २०० जीबीला दीड तास सहज जातो.

४. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत दम नसतो, म्हणून चार्जर लावलेला हवा आणि वीजही हवी. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. हे काम दुसऱ्या एखाद्या वारी ठेवा.

मूळ डिस्क ५०० जीबीची आणि एसएसडी २४० ची असेल तर क्लोनझिला साध्या मार्गाने तयार होत नाही, कारण त्याला लक्ष्य डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते. अशा वेळी एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं क्लोन सॉफ्टवेअर सोयीचं. ते वापरलेला डेटा मावतो का एवढंच पाहतं. कोणतंही वापरा, ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे डिस्कच्या मॉडेल नावावरून दोनदा वाचून पाहा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते.

उघडताना

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, आत असेल तर झाकण उघडल्यावर सर्वांत आधी तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. तसा एक झटका चिपला पुरे होतो. सुती कपडे घाला, अधूनमधून नळाच्या धातूला हात लावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा येतो. झाकण उचलताना धातूचं काही वापरू नका.

काही लॅपटॉपमध्ये जुन्या डिस्कच्या पिनांवर एक छोटा जोडतुकडा बसवलेला असतो. तो डिस्कचाच भाग वाटतो, म्हणून तिच्यासोबतच बाजूला ठेवला जातो. नवी डिस्क जागेवर पोचतच नाही असं वाटलं तर आधी तो शोधा.

बायोसला डिस्क दिसत नाही

लॅपटॉप सुरू करताच एफ२ वारंवार दाबा. काही कंपन्यांत एफ१, एफ१०, एस्केप किंवा डिलीट असतं. बायोसमध्ये स्टोरेजच्या किंवा बूटच्या पानावर एसएसडीचं नाव यायला हवं. नसेल तर विंडोज, क्लोन, पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) यांचा इथे काहीही संबंध नाही. दोष जोडणीत आहे.

बॅटरी पुन्हा सोडवा, डिस्क काढून परत घट्ट बसवा. पातळ पट्टीची केबल असेल तर तिचं मदरबोर्डकडचं टोकही काढून बसवा, कारण डिस्क ओढताना तेच सैल होतं. तरीही दिसली नाही तर जुनी डिस्क लावून पाहा. जुनी दिसते आणि नवी नाही, तर नवी डिस्क यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. तिथेही दिसली नाही तर ती वॉरंटीत परत द्या. तिथे दिसली तर बायोसचं अपडेट आलंय का पाहा. जुनी डिस्कही दिसेनाशी झाली असेल तर केबल किंवा सॉकेट गेलं. केबल मॉडेल नंबर सांगून वेगळी मिळते आणि तिच्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नसते. दुकानदार घाई करत असेल तरी थांबा.

बायोसला दिसते, विंडोज सुरू होत नाही

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. बहुतेक वेळा कारण पुढच्यांपैकी एक असतं.

फक्त सी ड्राइव्ह क्लोन झाला. विंडोज सुरू करणारा भाग सीमध्ये नसतो. तो १०० ते ५०० एमबीच्या छोट्या, सी-डीसारखं अक्षर नसलेल्या पार्टिशनमध्ये असतो. ते राहिलं तर सी जशीच्या तशी असूनही उपयोग नाही. पूर्ण डिस्कचा क्लोन पुन्हा करा.

बूटची पद्धत जुळत नाही. डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत: जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुनी डिस्क एमबीआर असेल तर बायोस ‘लेगसी’ या जुन्या बूटपद्धतीवर हवा, जीपीटी असेल तर ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीवर. लॅपटॉप उघडल्यावर बॅटरी सुटल्याने काही बायोस मूळ सेटिंगवर जातात आणि कालपर्यंत लेगसीवर असलेला लॅपटॉप यूईएफआयवर येतो. हे परत फिरवलं की लगेच सुरू होतो.

निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे विंडोज सापडलं, पण साटाचा ड्रायव्हर जुळत नाही. बायोसमध्ये साटाचं सेटिंग (लॅपटॉप डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते) आयडीई, रेड किंवा एएचसीआय यांपैकी जे आधी होतं ते परत लावा. एसएसडीसाठी एएचसीआय योग्य, पण ते उडी मारून बदलू नये. जुन्या सेटिंगवर विंडोज सुरू करा, ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’मध्ये बूटच्या पानावर ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय लावा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडून नवा ड्रायव्हर घेतं. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा.

क्लोननंतर दोन्ही डिस्क एकदम जोडलेल्या आहेत. दोघींची ओळख एकच, त्यामुळे विंडोज एकीला बाजूला ठेवतं. पहिल्यांदा सुरू करताना फक्त एसएसडी आत हवी.

विंडोज भरताना डिस्क नाकारली जाते

‘या डिस्कवर एमबीआर आहे, फक्त जीपीटीवर भरता येईल’ असा संदेश आला तर पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. एसएसडीवर कामाचा डेटा नसेल तर त्याच पडद्यावर तिची सगळी पार्टिशनं पुसा आणि मोकळ्या जागेवर भरा. विंडोज स्वतः जीपीटी करून घेतं. पुसण्याआधी क्षमतेवरून डिस्क ओळखा. लॅपटॉप फक्त लेगसीच चालवत असेल तर रूफस या मोफत सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्ह बनवताना एमबीआर निवडा.

डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत (डीव्हीडीच्या जागेत डिस्क बसवायच्या चौकटीत) जुनी हार्ड डिस्क लावायची कल्पना चांगली आहे, फक्त एसएसडी मुख्य जागीच ठेवा. डीव्हीडीच्या साटाचा वेग अनेकदा कमी असतो आणि काही बायोस तिथून बूट करत नाहीत. कॅडी ९.५ की १२.७ मिलिमीटरची, ते मोजून घ्या. आणि विंडोज भरताना कॅडी बाहेर काढून ठेवा. जुनी डिस्क जोडलेली असेल तर विंडोज आपला बूटचा भाग तिच्यावर टाकू शकतं, आणि पुढे ती काढली की एसएसडीवरचं विंडोज सुरू होत नाही.

चालू झालं, पण समाधान नाही

मोठ्या डिस्कवर क्लोन करूनही सी तेवढीच राहिली, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. उरलेली जागा शेवटी मोकळी दिसेल, पण ‘एक्स्टेंड’ चालणार नाही, कारण मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन बसलेलं असतं. जीपार्टेडच्या (पार्टिशन सरकवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या) पेन ड्राइव्हने ते शेवटाकडे सरकवा, मग सी वाढवा. दुसरी डिस्क म्हणून लावलेली कोरी एसएसडी ‘धिस पीसी’मध्ये दिसत नसेल तर तीही याच जागी सापडते: ‘इनिशिअलाइझ’ करून नवं पार्टिशन बनवा.

वेग कमी वाटला तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘ट्रान्सफर मोड’ पाहा. ‘साटा/३०० | साटा/६००’ याचा अर्थ डिस्क ६०० ची, पण जोडणी ३०० वर चालते आहे. लॅपटॉपच साटा २ चा असेल तर ते बरोबर आहे आणि त्याची खंत करू नका. रोजच्या वापरात फरक पडतो तो फाइल चटकन गाठण्याने, आणि तो फायदा पूर्ण मिळतो. लॅपटॉप साटा ३ चा असूनही असं दिसलं तर केबलवर संशय घ्या. सी७ ही ओळ (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा आकडा) दिवसागणिक वाढत असेल तर तो संशय खरा.

काम चालू असताना काही सेकंद सगळं गोठतं आणि परत सुरळीत होतं, असंही होतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टीमच्या नोंदींत १२९ क्रमांक दिसला तर डिस्क वेळेवर उत्तर देत नाहीये. केबल ठीक असेल तर पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवून दोन दिवस वापरून पाहा. त्याने थांबलं तर साटाची वीजबचत आणि ही एसएसडी यांचं पटत नव्हतं. एसएसडीच्या कंपनीचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट असेल तर तेही घाला, पण आधी बॅकअप.

खूप जुन्या, एक्सपीच्या काळात पार्टिशन केलेल्या डिस्कचा क्लोन असेल तर ‘सिस्टीम इन्फॉर्मेशन’मध्ये डिस्कखाली ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ पाहा. त्या आकड्याला ४०९६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. जात नसेल तर एसएसडीला प्रत्येक लिखाणासाठी जास्तीची मेहनत पडते. विंडोज नव्याने भरणं हाच सरळ उपाय.

आणि रॅम ४ जीबीच असेल तर ८ करा. जागा कमी पडली की विंडोज डिस्कवर लिहू लागतं, आणि ते एसएसडीवरही रॅमइतकं जलद होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, साधी डीडीआर३ लावली तर पडदा काळाच राहू शकतो.

जुन्या डिस्कचं काय

निदान महिनाभर तिला हात लावू नका. राहिलेली एखादी फाइल, टॅलीचा बॅकअप किंवा मेलचं जुनं फोल्डर याच काळात आठवतं. त्यानंतर तब्येत चांगली असेल तर यूएसबीच्या डब्यात घालून बॅकअपसाठी वापरा. कुणाला देणार असाल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्याने निवडलेल्या पार्टिशनवर शून्यं लिहिली जातात, म्हणून डी, ई अशी इतर पार्टिशनंही तशीच करा. सी५चे आकडे असलेली डिस्क मात्र कुणाला वापरायला देऊ नका. ती ई-कचऱ्यात जाऊ द्या, सुक्या कचऱ्याच्या बादलीत नको.